पासवर्ड आहे की त्याला!

लॅपटॉप एन्क्रिप्ट केलायस काय, म्हणजे डिस्कवरचा सगळा डेटा किल्लीशिवाय वाचताच येणार नाही असा केलायस काय, म्हणून भाच्याला विचारलं तर म्हणतोय, "पासवर्ड आहे की मामा त्याला." बेळगावात कुणालाही विचारा, हेच उत्तर. हा गडी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर झोपून बेंगळुरूला जातो आणि बॅग तशीच बर्थवर.

अरे, तो पासवर्ड विंडोज विचारतंय, डिस्क नाही. खालचे स्क्रू काढायचे, एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची, झालं, सगळ्या फाइली समोर. आमचं काम टॅक्सचं, त्यामुळं लॅपटॉपात खानापूरवाल्यांचे आरटीसी (कर्नाटकातला सातबाराच), चंदगडवाल्यांचे सातबारा, सगळ्यांचे आधार, पॅन, बँक स्टेटमेंट... लॅपटॉप गेला तर नवा घेता येतो, पण ह्या लोकांना तोंड काय दाखवायचं?

विंडोज प्रो असेल तर डिस्क एन्क्रिप्ट करायला बिटलॉकर आहेच, होम असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाइस एन्क्रिप्शन दिसतंय काय बघा, सगळ्या मशीनवर नसतंय. मॅकला फाइलव्हॉल्ट. लिनक्सवाल्यांना मी काय सांगणार, ते इन्स्टॉल करतानाच लक्स, म्हणजे त्यांच्याकडचं एन्क्रिप्शन, टाकून मोकळे.

खरी गोची पुढं आहे. विंडोज ११ च्या २४एच२ ह्या आवृत्तीपासून नवीन इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बहुतेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतंय, मालकाला पत्ताच नाही! मग कधीतरी मदरबोर्ड बदलला, नाहीतर बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) काहीतरी हललं, की निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायची राखीव किल्ली, मागतंय. ती अकाउंटमध्ये सापडली तर बरं, आणि अकाउंट दुकानदारानं स्वतःच्याच ईमेलनं काढून दिलेलं असेल तर बसा बोंबलत. ती किल्ली नसेल तर डेटा गेला, रिपेअरवाला पण हात वर करणार. म्हणून ती आजच शोधून कागदावर छापा, घरच्या कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको बाबा.

आणि प्रवासात झाकण नुसतं मिटू नका, शटडाउन करा. नुसतं स्लीपमध्ये ठेवलं तर डिस्क उघडायची किल्ली रॅममध्येच (चालू मेमरीत) असते, २००८ साली प्रिन्स्टनच्या लोकांनी रॅम थंड करून ती काढून दाखवलेली. आपल्या गाडीतला चोर एवढं करणार नाही म्हणा, पण शटडाउनला पैसे पडत नाहीत.

बॅकअप मात्र वेगळा घ्यायचाच, एन्क्रिप्शन चोरापासून वाचवतंय, एसएसडी मेली तर नाही. आणि बॅकअपची हार्ड डिस्क पण व्हेराक्रिप्ट नावाच्या सॉफ्टवेअरनं लॉक करा, फुकट आहे ते, नाहीतर चोर तीच उचलणार.