सीडी लागते, डीव्हीडी लागत नाही

२०१२ सालातली गोष्ट. कराडमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नसराईचे दिवस. दुकानाचं शटर वर करतोय तोवर प्रेसवाले काका स्कूटरच्या पायाशी सीपीयू ठेवून हजर. रात्री काम चालू असताना लाईट गेली होती, यूपीएसची बॅटरी आधीच उतरलेली. सकाळी चालू केला तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ : बूटएमजीआर इज मिसिंग. म्हणजे विंडोज सुरू करून देणारी फाईलच सापडत नव्हती.

"विंडोज मारायला लागलं तरी चालेल, पण माझ्या पत्रिकांच्या फाईली जाता कामा नयेत. संध्याकाळी तीन पार्ट्या यायच्यात," काका म्हणाले. फाईली डी ड्राइव्हला होत्या, पण अर्धं काम डेस्कटॉपवर. शिवाय फॉण्ट, पत्रिका बनवायचं कोरल ड्रॉ, वर्षानुवर्षं जमवलेले गणपती आणि कलश. म्हणजे सी ड्राइव्ह पुसून चालणार नव्हतं. विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून बूट करायचं, म्हणजे मशीन सुरू करायचं, आणि तिच्यातलं दुरुस्तीचं स्टार्टअप रिपेअर चालवायचं, अर्ध्या तासाचं काम, असं मी धरून चाललो.

डीव्हीडी घातली. ड्राइव्हचा दिवा लुकलुकला, डिस्क फिरल्याचा घुर्र आवाज आला, थांबला, परत आला. असं तीनदा. मग तीच ओळ. 'प्रेस एनी की' येतच नव्हतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बूट ऑर्डर पाहिली, पहिला नंबर डीव्हीडी ड्राइव्हचाच. एफ १२ दाबून मेनूतून ड्राइव्ह निवडला, तरी तेच. साटाची केबल बदलली, बोर्डावरचा पोर्ट बदलला. तीच डीव्हीडी माझ्या लॅपटॉपमध्ये घातली तर सुरळीत बूट झाली. पेन ड्राइव्हवरून बूट करावं म्हटलं, तर जवळचा पेन ड्राइव्ह २ जीबीचा आणि विंडोजची फाईल त्याहून मोठी.

तेव्हा माझ्याकडे विंडोजऐवजी चालणाऱ्या उबुंटू १०.०४ या सिस्टिमची एक सीडी होती, कंपनीनं पोस्टानं फुकट पाठवलेली. ती घातली आणि मशीन पहिल्या झटक्यात बूट झालं. आधी काकांचा जीव भांड्यात पडू दे म्हणून बाहेरची हार्डडिस्क लावली आणि डी ड्राइव्ह, डेस्कटॉप, फॉण्टचं फोल्डर, सगळं तिच्यावर उतरवून घेतलं. दुरुस्ती मागाहून, डेटा आधी, हे मी आजही दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला शिकवतो.

पण उबुंटू चालू झाल्यानं मी भलतीकडेच गेलो. ड्राइव्ह सीडी वाचतोय म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत, दोष डिस्कचाच, असं डोक्यात पक्कं बसलं. त्याच फाईलवरून सगळ्यात कमी स्पीडवर नवीन डीव्हीडी राइट केली. तिचंही तेच. दुपारचे दोन वाजले. काका समोरच्या स्टुलावर बसून होते, चहाही घेईनात.

शेवटी त्यांना विचारलं, "काका, या ड्राइव्हमध्ये एरवी काय घालता?"

"गाण्यांच्या सीड्या लागतात की रोज. फक्त भाचीच्या लग्नाच्या शूटिंगची डीव्हीडी काय लागत नाही, तीन महिने झाले. शूटिंगवाल्यानंच खराब दिली असणार."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. हा प्रश्न सकाळीच विचारायला हवा होता. सीडी आणि डीव्हीडी दिसायला सारख्या, पण ड्राइव्ह त्या वेगवेगळ्या लेसरनं वाचतो : सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० चा. डीव्हीडीवरच्या खुणा बारीक, म्हणून लेसरही आखूड तरंगलांबीचा. एक लेसर मेला तरी दुसरा खुशाल चालतो. बूट होताना बायोसला डिस्कच्या १७ नंबरच्या सेक्टरवर बूट रेकॉर्ड सापडावा लागतो. तो सेक्टर जेमतेम २०४८ बाइटचा, पण तेवढंही ड्राइव्हला वाचता आलं नाही तर काही बायोस कसलीच तक्रार करत नाहीत, गुपचूप पुढच्या डिव्हाइसकडे, म्हणजे हार्डडिस्ककडे वळतात. आणि मला तर त्या हार्डडिस्कचीच तक्रार सकाळपासून दिसत होती.

दुकानातल्या मशीनचा ड्राइव्ह काढला, कॅबिनेट उघडंच ठेवून टेबलावर जोडला. डीव्हीडी घातली. या वेळी घुर्र आवाज थांबला नाही, चढत गेला, आणि खाली पांढरी पट्टी सरकू लागली : विंडोज इज लोडिंग फाईल्स. काका स्टुलावरून उठून माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले.

स्टार्टअप रिपेअर एकदा चालवून भागत नाही, बऱ्याचदा दोन-तीनदा चालवावं लागतं. पहिल्या फेरीनंतर परत काळा स्क्रीन आला तेव्हा काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. तिसऱ्या फेरीनंतर विंडोजचा लोगो दिसला. मग डेस्कटॉप उघडला, सगळे आयकॉन जागच्या जागी.

काकांनी मला बाजूला सारून माऊस हातात घेतला आणि सगळ्यात वरची फाईल उघडली. लाल अक्षरात गणपती, त्याखाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. फॉण्ट जसाच्या तसा. एकही अक्षर चौकोन झालेलं नव्हतं. त्यांनी वधूचं नाव, मुहूर्ताची वेळ बोट ठेवून वाचली, मग खाली 'आपले नम्र' पर्यंत गेले.

"आता चहा सांग," ते म्हणाले.