तुम्ही विचारलंत म्हणून: क्वार्टेटमध्ये वाजवणारी पोरं पुढे करतात काय?

आठपैकी पाचव्या ग्रेडची परीक्षा झाली की पालक क्लासच्या दारात जरा जास्त रेंगाळतात आणि मग विचारतात, ‘मॅडम, याच्यात पुढे आहे काय?’ नागपुरात वेस्टर्न व्हायोलिन शिकवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न चुकलेला नाही. हल्ली त्याला आणखी शेपूट लागलं आहे. मुलं यूट्यूबवर चौघाचौघांचे ग्रुप बघतात, पंचविशीतली पोरं-पोरी, काळे कपडे, समोर स्टँड. आणि घरी जाऊन जाहीर करतात की मला हेच करायचंय. मग आईबाबा मला विचारतात की हे पोट्टे येतात कुठून, यांना पगार कोण देतं, आणि आपल्या धरमपेठेतल्या पोराला ते जमेल का. दारात उभ्या उभ्या याचं उत्तर होत नाही, म्हणून लिहूनच टाकते.

पगाराचं आधी. पगार कुणीच देत नाही. ऑर्केस्ट्रा, म्हणजे मोठा वाद्यवृंद, ही नोकरी असते: ऑडिशन द्या, जागा मिळवा, महिन्याला पैसे घ्या. क्वार्टेट म्हणजे चौघांनी भागीत काढलेला धंदा. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठा, खालच्या आवाजाचा), एक चेलो (त्याहून मोठा, बसून पायांत धरून वाजवायचा), आणि समोर उभं राहून हाताने लय दाखवणारा कंडक्टर नाही. मानधन येतं त्यातून एजंटचं कमिशन, प्रवास, हॉटेल वजा जातं आणि उरलेल्याचे चार वाटे होतात. त्यातही चेलो इतका नाजूक की बहुतेक जण विमानात त्याचं वेगळं तिकीट काढतात. माणसं चार, सीटा पाच. इतवारीत दुकान असलेल्या एका वडिलांना हा हिशेब सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘मंग उरते काय जी याच्यात?’

ज्याला दुकान चालवता येतं त्याला क्वार्टेटचं अर्थकारण लगेच कळतं. उरतं ते शिकवण्यातून. जम बसलेल्या ग्रुपला एखादं विद्यापीठ किंवा संगीत महाविद्यालय काही वर्षं आपल्याकडे ठेवून घेतं, म्हणजे तिथल्या मुलांना शिकवायचं आणि तिथेच सराव करायचा. ज्यांचा जम बसायचा असतो ते रेकॉर्डिंगला जातात, ऑर्केस्ट्रात कुणी आजारी पडला की बदलीवर वाजवतात, लग्नांतही वाजवतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना वयाची अट असते, साधारण पस्तिशीच्या आतली. कॅनडातल्या बान्फची स्पर्धा तीन वर्षांतून एकदाच होते, तेव्हा संधी किती येतात ते बोटांवर मोजून बघा. वाद्यसुद्धा पुष्कळदा स्वतःचं नसतं. प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनी याच्याकडे असलेली, स्ट्राडिव्हेरियस या जुन्या इटालियन कारागिराने घडवलेली चार वाद्यं आज जपानच्या निप्पॉन म्युझिक फाउंडेशनची आहेत. टोकियो क्वार्टेटने ती वर्षानुवर्षं वाजवली, २०१३ मध्ये ग्रुप थांबला आणि वाद्यं परत गेली.

आता येतात कुठून. तुमचा समज असा की सगळे संगीतकारांच्या घरातले. बरेचसे असतातही. पण डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेटमधले तिघं लहानपणी उन्हाळी संगीत शिबिरात भेटले, तिथे वाजवण्याइतकाच फुटबॉल खेळले, आणि चेलोवाला नॉर्वेजियन गडी २००८ मध्ये येऊन मिळाला. इंग्लंडचा चेलोवाला शेकू कॅने-मेसन नॉटिंगहॅमच्या साध्या सरकारी शाळेतला. सात भावंडं, सगळी वाजवणारी, आईवडिलांचा पेशा मात्र संगीत नाही. शनिवारी लंडनला रॉयल अकॅडमी या संगीत महाविद्यालयातल्या मुलांच्या वर्गाला जायचं, ते आगगाडीने. २०१६ मध्ये त्याने बीबीसीची यंग म्युझिशियन स्पर्धा जिंकली. भाऊ ब्रेमा आणि बहीण इसाटा यांच्याबरोबर तो त्रिकूट म्हणूनही वाजवतो. आपल्याकडचे काही पालक मुलाला घेऊन रात्रीच्या दुरांतोने मुंबई गाठतात आणि एका धड्यासाठी दोन रात्री गाडीत काढतात, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट अमाडेउस क्वार्टेटची. हिटलरच्या ऑस्ट्रियातून जीव वाचवून इंग्लंडला आलेली ज्यू मुलं. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्यांनाच शत्रुदेशाचे नागरिक म्हणून छावणीत डांबलं, आणि तिथे त्यांची गाठ पडली. ब्रेनिन, निसेल, श्चिडलोफ तिघंही व्हायोलिनवाले. माक्स रोस्टाल यांनी त्यांना फुकट शिकवलं. चौथा लव्हेट, चेलोवाला, इंग्रज. क्वार्टेटमध्ये तीन व्हायोलिन चालत नाहीत, तेव्हा श्चिडलोफने व्हायोला उचलला. १९४८ च्या जानेवारीत लंडनच्या विगमोर हॉलमध्ये पहिला मोठा कार्यक्रम झाला आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं माणसं तीच राहिली. १९८७ मध्ये श्चिडलोफ गेला. उरलेल्या तिघांनी दुसरा व्हायोलावाला शोधला नाही, ग्रुपच बंद केला.

पालकांना मी हे मुद्दाम सांगते, कारण ‘माझा मुलगा टॅलेंटेड आहे ना?’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. टॅलेंट हवंच, त्याशिवाय या खोलीत कुणी शिरूच देणार नाही. पण मी बघते ते वेगळं: याला दुसरी जागा घेता येते का?

महाल भागातला माझा एक विद्यार्थी, हात फार चांगला. रविवारी चौघांना बसवून हायडन या जुन्या संगीतकाराचा क्वार्टेट करायला घेतला आणि त्याला सेकंड व्हायोलिन दिलं, तर चेहरा असा पडला की जणू नापास केलं. फर्स्टकडे सुरावट, याच्याकडे खालून धावणारे बारीक सूर. सुरुवात करून द्यायला कंडक्टर नसतो. फर्स्टवाली मुलगी नाकाने श्वास घेते, व्हायोलिनचं डोकं किंचित वर जातं, आणि त्या श्वासाची जी लय तीच पुढच्या सगळ्याची लय. हा पायाने ताल मोजत बसायचा, तिच्याकडे बघायचाच नाही, आणि दर वेळी केसभर आधी सुरू व्हायचा. मी त्याला पाय खुर्चीच्या दांडीत अडकवून बसायला लावलं. काही रविवार रागात गेले. मग एकदा चेलोवाल्या मुलीनेच त्याला सुनावलं, ‘तू ऐकून नाही राहिला बे!’ माझ्या वर्षभराच्या उपदेशापेक्षा ते जास्त लागू पडलं. आपल्या बैठकीत मुख्य कलाकार एक आणि बाकीचे साथीला, असं ठरलेलं असतं. इथे दर चार ओळींनी मुख्य कोण ते बदलतं, आणि आपली पाळी संपली की बाजूला व्हायचं असतं.

प्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी हा ऑर्केस्ट्रा उभा केला. तेच पुढे पन्नाशीत फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये सेकंड व्हायोलिन वाजवत होते. नाव सांगितलं की पालक ताठ बसतात, सेकंड म्हटलं की पुन्हा सैल होतात.

नागपूरच्या अडचणी नागपूरच्याच. इथला मे महिना वाद्याला सोसत नाही. कोरड्या हवेत खुंट्या आकसून सटकतात, आणि कूलरच्या खोलीत आणलं की त्याच खुंट्या फुगून जाम होतात, गजाचे केस ढिले पडतात. व्हायोलिनच्या कडा सरसाने चिकटवलेल्या असतात. पंचेचाळीस अंशांत बंद गाडीत पेटी राहिली की सरस मऊ पडून शिवण उकलते. पेटी गाडीत ठेवू नका आणि कूलरसमोर तर नाहीच नाही, हे मी दर उन्हाळ्यात ओरडून सांगते.

शिकायला बाहेर जावं लागतं, हे खरं. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, पण त्यातही बाहेरच्या देशांतले वादक पुष्कळ. अमेरिकेच्या फीचे आकडे ऐकून हबकू नका. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिक्षणाची फी नसते, पण काही ठिकाणी युरोपीय संघाबाहेरच्यांना ती पडते, उदाहरणार्थ बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून सत्राला १५०० युरो. मात्र राहण्या-खाण्याचे पैसे खात्यात दाखवावे लागतात, जर्मन शिकावं लागतं, आणि प्रवेश परीक्षेला शेजारी बसलेली मुलं चार-पाच वर्षांची असल्यापासून वाजवत असतात. बाराव्या वर्षी सुरुवात करून आठव्या ग्रेडला चांगले मार्क पडले म्हणून तिथे सहज निभावेल, असं मी कुणाला सांगत नाही.

आणि ज्याला जायचं नाही त्याने नोकरी करून वाजवलं तर कमीपणा कसला? सिव्हिल लाइन्समधलं आपलं मोठं सभागृह ज्यांच्या नावाचं आहे ते वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले आणि पुढे कितीतरी वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत गात राहिले. चार जण, चारही नोकरीवाले, रविवारी सकाळी एकत्र बसतात असा एक क्वार्टेट या शहरात व्हावा एवढीच माझी हाव आहे.

तो महालातला मुलगा सध्या जर्मनच्या वर्गाला जातो आणि मधल्या काळात व्हायोलाकडे वळला आहे, मी न सांगता. व्हायोला वाजवणारे सगळीकडेच कमी, त्यामुळे त्याला आत्ताच दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. रविवारच्या चौकडीत त्यामुळे सेकंड व्हायोलिनची जागा रिकामी झाली आहे. सहाव्या ग्रेडच्या आसपासचं कुणी असेल तर सकाळी नऊला पाठवा, स्टँड घरून आणायला सांगा, माझ्याकडे तीनच आहेत.