माझ्या नावापुढचा अंगठा

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. नोकरी पुण्यात, पण नाव सासरच्या गावच्या यादीत, म्हणून आदल्या रात्रीच्या एसटीनं गावी आले. दुपारी शाळेतल्या केंद्रावर गेले. आतल्या साहेबांनी माझा क्रमांक वाचला, यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं मत झालंय."

मी डावा हात पुढे केला. बोटावर शाई नव्हती. नोंदवहीत माझ्या क्रमांकापुढे सहीच्या जागी अंगठा उमटलेला होता. मी बी.ए. झालेली बाई, सही येत असताना अंगठा कशाला लावू?

एजंटांच्या बाकावर माझे धाकटे दीर बसलेले. "वहिनी, कुणीतरी चुकून टाकलं असेल. आपल्याच पार्टीला गेलंय ना? चला घरी." बाहेरगावी असलेल्या सुनांची मतं गावात कुणीतरी उरकून टाकतं, हे मी ऐकून होते. ते माझ्याच नावावर होईल असं वाटलं नव्हतं. पाय दाराकडे वळलेसुद्धा. संध्याकाळी त्याच घरात जेवायला बसायचं होतं.

तेवढ्यात स्पर्धा परीक्षेसाठी वाचलेलं आठवलं. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली होती. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद चालणार नाही असं ठरवलं. माझ्या आजेसासूबाईंचं खरं नाव मला त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर पहिल्यांदा कळलं. माझं नाव तर यादीत नीट छापलेलं होतं.

"मला टेंडर व्होट द्या," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की केंद्राध्यक्षांना ऐकूच गेला नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणाले. रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या.

आपल्या नावावर दुसऱ्यानं मत टाकलेलं असेल, तर निवडणूक संचालन नियम १९६१ मधल्या ४९-पी नुसार कागदी मतपत्रिका मागता येते. मशीनवर मत देता येत नाही. केंद्राध्यक्षांनी ओळखपत्र पाहिलं. नवऱ्याचं नाव, वय, घरात आणखी मतदार कोण, असं सगळं विचारलं. खात्री झाल्यावर नमुना १७-ब वर माझी सही घेतली. ती सही मी पूर्ण नावानं, सावकाश केली. आडोशाला जाऊन शिक्का मारला, घडी घालून मतपत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वेगळ्या पाकिटात ठेवली.

हे मत मोजणीच्या दिवशी मोजत नाहीत. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका झाली आणि न्यायालयानं सांगितलं, तरच त्याचा विचार होतो. ते कळल्यावर घशात आवंढा आला. पण आता माझी सही सरकारी कागदावर आहे, आणि अशा किती मतपत्रिका दिल्या हे केंद्राच्या हिशेबात लिहावंच लागतं.

रात्री भाऊजी माझ्याशी बोलले नाहीत. सासूबाईंनी वाढलं, त्याही गप्पच. भांडी घासताना जाऊबाई हळूच जवळ आल्या. "काय म्हणालीस गं तू तिथं? कसलं व्होट?"

"टेंडर व्होट."

त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं.