दोरा आणि पृथ्वीगोल
आज लेकीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणत बसले होते. एक टोक सिंगापूरवर, दुसरं न्यूयॉर्कवर. भिंतीवरचा नकाशा बघून वाटलेलं, दोरा पॅसिफिकवरून आडवा जाईल. तो गेला सरळ वर, जवळजवळ उत्तर ध्रुवाला घासून! अंतर साधारण १५,३०० किलोमीटर. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं फार तर २०,००० किलोमीटर लांब असणार, त्यातलं हे पाऊण झालं की!

गंमत म्हणजे सिंगापूरहून निघालेलं विमान बरेचदा हा जवळचा रस्ता सोडून पॅसिफिकवरूनच जातं, कारण तिथे जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा पाठीमागून ढकलतो. तरी अठराएक तास लागतातच (माझी कंबर आत्ताच दुखायला लागली).

लेकीचा प्रश्न वेगळाच: "मग मधल्या सीटवाल्याने झोपायचं कसं?"