टाचेतला दोरा

यंदा काही मागायचं नाही, एवढं ठरवूनच मी बुधवारी संध्याकाळी नाशिकरोडहून गाडीत बसले आणि कसाऱ्याला उतरले. नाशिकची माणसं खाली गाडीने जातात आणि परत नाशिकलाच चालत येतात, हे शेजारच्या काकूंना कळेना. घाट पायाखालून गेल्याशिवाय नाशिकरोडच्या चर्चमधल्या बाळ येशूच्या दारात आल्यासारखं वाटत नाही, इतकंच त्यांना सांगू शकले.

आम्ही २३ जण होतो. निम्मे वसईचे, संत गोन्सालो गार्सियाचा सण आटोपून आलेले. वसईचा हा माणूस १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला, १८६२ मध्ये संत झाला, आणि त्याच्या गावचे लोक अजून त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलतात. ऐकायला फार बरं वाटतं.

गुरुवारी पहाटे चारला घाट चढायला लागलो. गुरुवार म्हणून जपमाळेतली प्रकाशाची रहस्यं, म्हणजे येशूच्या आयुष्यातले चिंतनाचे प्रसंग. ही माळेत आली २००२ मध्ये, त्यामुळे जुन्या बायका पाठ नसल्यासारख्या जरा मागून म्हणतात. आजूबाजूला मिट्ट काळोख, ट्रकचे दिवे अंगावर येणारे, मागून ढकलणारं बँकर इंजिन लावलेली मालगाडी धापा टाकत वर चाललेली, आणि आम्ही यार्देन नदीतल्या येशूच्या बाप्तिस्म्याचं चिंतन करतोय. काना गावातल्या विवाहाचं रहस्य संपलं तेव्हा पूर्वेकडे उजाडलं. इगतपुरीत मुक्काम. झोप नाही.

शुक्रवारी सकाळी सर माझ्या बरोबरीने चालत होते. कॉलेजातून निवृत्त झालेले, वाचन दांडगं, मनाने सज्जन. म्हणाले, चमत्कारांकडे आता प्रतीक म्हणून पाहायला हवं, शिकलेल्या माणसाला पटेल असं काही सांगायला नको का? पाच भाकरी म्हणजे वाटून खायची वृत्ती. पुनरुत्थान म्हणजे शिष्यांच्या मनात उभी राहिलेली आशा. मी माळ मुठीत आवळून चालत राहिले. बायबलमध्ये संत पौलाने करिंथकरांना स्वच्छ लिहिलंय, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. त्याने पळवाट ठेवलेली नाही. ख्रिस्ताचं ते थडगं रिकामं नसेल तर माझा भाऊ नुसता संपला, आणि मग ते प्रतीक घेऊन मी काय करू?

सरांना हे बोलले नाही. बोलायला हवं होतं.

पुढे एक वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, मागच्या वर्षी फ्लॅट मागितला, सहा महिन्यांत ताबा मिळाला, यंदा मुलाच्या व्हिसासाठी चालतेय. त्याचाही मला राग आला. सर देवाच्या हाताला बांधून ठेवतात आणि वहिनी त्याच हाताकडून पावती मागतात. जग पैशाच्या मागे लागलंय म्हणून देवळात कुरकुर करायची आणि तेच जग माळेबरोबर पिशवीत घालून आणायचं. माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं घेऊन उभ्या राहिलेल्या बायका आठवल्या. मग हेही आठवलं की तीन वर्षांपूर्वी त्याच रांगेत मीसुद्धा होते, हातात मेणाचा माणूस घेऊन.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, १९ वर्षं झाली. भावाचा ताप उतरेना म्हणून मीच त्याचं रक्त काढलं, मीच स्लाइड रंगवली. लीशमनच्या रंगात रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी सुंदर दिसतात, हे सांगताना अजून घशात अडकतं. मोठ्या, निळ्या काठाच्या, आत जांभळं केंद्रक भरून राहिलेलं. एका नजरेच्या टप्प्यात त्या कितीतरी होत्या. तिथे एकही असायला नको होती. डॉक्टरांची सही व्हायच्या आधी मला कळलं होतं. मी भिंगावरून डोळा काढला, परत लावला. त्या तिथेच होत्या.

नोव्हेना, नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना, झाल्या, उपास झाले, सगळा पॅरिश, आमच्या चर्चची सगळी माणसं, रात्र जागला. सात महिन्यांनी तो गेला. त्यानंतर एका प्रार्थनासभेत एका प्रचारकाने आईला तोंडावर सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडला. आईने दोन महिने माळ हातात घेतली नाही.

लॅबमध्ये एक हुशार मुलगा आहे. तो विचारतो, ताई, तुम्ही रोज पेशी बघता, आणि तरीही? त्याला मी फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्राचं सांगते. तिथे बरे झाल्याच्या ७०००हून जास्त नोंदी आहेत. डॉक्टर वर्षानुवर्षं त्या तपासतात, आणि त्यातल्या सत्तरेकच चर्चने चमत्कार म्हणून मान्य केल्यात. आमची मंडळी इतकी मोजूनमापून हो म्हणतात याचा मला अभिमान वाटतो. पण त्या सत्तरांत माझा भाऊ नाही, हेही मी त्याला सांगते. भिंग जे दाखवतं ते खरं. जे स्लाइडवर येत नाही ते नाहीच, असं भिंगाने मला कधी सांगितलेलं नाही. ते आपण आपल्या पदरचं घालतो. देवाने मला नाही म्हटलं. नाही म्हणायलाही कुणीतरी असावं लागतं. मी त्या कुणाशी तरी तीन वर्षं भांडतेय.

घोटी ओलांडली आणि डावी टाच पेटली. भाताच्या गिरण्या मागे पडल्या होत्या, दुपारचे दोन, सावली नाही. दुःखाची रहस्यं चालू होती, काट्यांच्या मुकुटापर्यंत मी सगळ्यांबरोबर होते. मग मोजे ओले लागायला लागले. पुढे व्हा म्हटलं आणि एका चहाच्या टपरीमागे बाकड्यावर बसले. बूट काढला. फोड लिंबाएवढा झालेला, एका बाजूने जरा फाटलेला. रडू आलं ते दुखण्यामुळे की कशामुळे, कळलं नाही.

तिथे एक टेम्पो थांबलेला होता. निवृत्तीनाथांची यात्रा यंदा त्याच आठवड्यात आलेली, त्र्यंबकहून दिंडी नगरकडच्या अकोल्याला परत निघाली होती. पताका गुंडाळून टपाला बांधलेल्या. त्यातली एक म्हातारी चहाची बशी हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या टाचेकडे बघत होती.

"कुठं चालली गं बाई?"

"नाशिकरोडला. बाळ येशूला."

"मंजी वारीच की." बशी खाली ठेवून ती मांडी घालून बसली आणि माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मी ओढायला गेले. "ऱ्हाऊ दे."

कमरेच्या पिशवीतून तिने सुई काढली. काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं. टपरीवाल्याकडून काडेपेटी मागून घेतली, सुईचं टोक निळं होईपर्यंत धरलं, दोरा खोबरेल तेलात बुडवला. मला लॅबमधलं सगळं आठवत होतं, निर्जंतुक काय, काय नाही. बोलावंसं वाटत होतं आणि बोलवेना. तिने फोडाच्या एका कडेने सुई घातली, दुसऱ्या कडेने काढली. जराही दुखलं नाही. दोन्हीकडे दोन-दोन बोटं दोरा ठेवून दाताने तोडला. दोऱ्यावरून पाणी थेंब थेंब उतरायला लागलं, तिच्या लुगड्यावर.

"दोरा वढायचा न्हाई. पानी आपलं आपन जातं. खालचं कातडं धरलं की दोरा गळून पडंल."

मग विचारलं, "काय मागनार देवाला?"

काही नाही म्हटलं. आणि मग भावाचं सगळं सांगून टाकलं, स्लाइडपासून. लॅबमध्येही इतकं कुणाला सांगितलेलं नाही. ती ऐकत होती, अंगठ्याने माझ्या टाचेभोवती तेल चोळत.

"माझा नातू गेला," ती म्हणाली. "आठ वर्साचा. इहिरीत. त्या सालीबी गेले मी त्र्यंबकला. लोक म्हनले, आता कशाला जाती. नाथाम्होरं हुबी ऱ्हायले, लई बोलले त्याला. वंगाळ वंगाळ बोलले."

"मग?"

"मग काय. ऐकून घेतलं त्यानं."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. उठताना तिने पिशवीतून सोलाण्यांची जुडी काढून माझ्या मांडीवर टाकली, माझ्या पायाला हात लावून तो कपाळाला नेला. मीही वाकले, पण तोवर ती वळली होती. नाव विचारायचं राहिलं. तिचं आणि नातवाचंही.

वाडीवऱ्हेपर्यंतचं अंतर मी एकटीने कापलं. उरलेली दोन रहस्यं चालता चालता म्हटली, सोलाणे खात. हिरवे, कोवळे, बोटं चिकट करणारे.

शनिवारी फ्लॅटवाल्या वहिनी दिवसभर माझ्या चालीने चालल्या. माझी सॅक त्यांनी पोटावर घेतली, स्वतःची पाठीवर. व्हिसाचं एकदाही बोलल्या नाहीत. विल्होळी, पाथर्डी फाटा, वडनेर. आनंदाची रहस्यं दोघींनीच म्हटली. नाशिकरोडला पोचलो तेव्हा काळोख पडला होता आणि रस्ताभर मेणबत्त्यांची दुकानं लागलेली.

गर्दीत ढकलाढकली झाली, कुणाची तरी कोपरं लागली, एका स्वयंसेवकावर मी ओरडले. मग समोर बाळ येशू. ज्या मूर्तीवरून ही घडवली ती युरोपातल्या प्राग शहरातली मूळ मूर्ती जेमतेम हातभर उंचीची. १६२८ मध्ये कार्मेलाइट मठात आली, १६३१ मध्ये सैनिकांनी मठ लुटला आणि तिला अडगळीत फेकलं. हात तुटले. १६३७ मध्ये फादर सिरिलना सापडेपर्यंत ती तशीच पडून होती, हातांशिवाय. हे मी लहानपणापासून ऐकतेय. यंदा त्या वर्षांपाशी थांबले. मी काही मागितलं नाही. जे तीन वर्षं मनात होतं ते सगळं बोलले, आवाज न करता, मागच्या बाईने पाठीत बोट खुपसेपर्यंत.

रविवारच्या मिस्सेत विश्वासांगीकार, श्रद्धेची जाहीर कबुली, आला. दृश्य आणि अदृश्य. मृतांचं पुनरुत्थान. मी मोठ्याने म्हटला. सर दोन रांगा पुढे होते, त्यांनी वळून पाहिलं.

त्याआधी मी मिस्सेच्या हेतूंच्या टेबलाशी गेले होते. मृतांसाठीच्या चिठ्ठीवर भावाचं नाव लिहायला सांगितलं. टाचेतला दोरा अजून होता, चपलेच्या पट्ट्याला घासत होता.

"आणखी कुणी?" मुलाने विचारलं.

"एक लहान मुलगा. आठ वर्षांचा."

"नाव?"

"माहीत नाही. अकोल्याकडचा आहे. एका आजींचा नातू."

त्याने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मागे रांग वाढली होती. मग त्याने खाली मान घालून भावाच्या नावाखाली लिहिलं, अकोल्याच्या आजींचा नातू, आणि चिठ्ठी बाकीच्यांच्या गठ्ठ्यात ठेवली.