सशावर बसून

दुपारी सोलकढीसाठी नारळ खवायला घेतला आणि अंगठा कापून घेतला. ओट्याला चिकटणारं, हँडल फिरवायचं यंत्र. त्यात कापून घ्यायला जागाच नसते म्हणतात. मला सापडली. अंगठा तोंडात धरून उभा असताना एकदम तो ससा आठवला.

थायलंडात मे क्लोंग नदीकाठी अंफवा म्हणून गाव आहे. कालवे, नारळाच्या वाड्या, कालव्यात पाय सोडून बसलेली लाकडी घरं. लोक शनिवार-रविवारी तिथल्या तरंगत्या बाजाराला जातात, मी नेमका मधल्या वारी पोचलो. सगळं बंद. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या बाईंनी विचारलं, ‘किन खाव रु यांग?’ म्हणजे भात खाल्ला की अजून नाही. तिथे ‘काय, कसं काय’च्या जागीही हेच विचारतात, हे मला नंतर कळलं. मी आपलं खरंखुरं ‘नाही’ सांगून टाकलं.

त्यांना सगळे ‘पा’ म्हणत, मीही म्हणू लागलो. पा म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. मावशी की आत्या या भानगडीत पडायचंच नाही. पा-ला इंग्रजी येत नव्हतं, मला थाई. भाची मधे बसून भाषांतर करायची, पण निम्मा वेळ ती फोनवर.

स्वयंपाकघरात पा जमिनीवर बसली ती एका बुटक्या लाकडी पाटावर. पाटाला पाय, पुढे लोखंडी पातं, पात्याला दाते. ह्याला म्हणतात ‘क्रताय’, म्हणजे ससा! दात पुढे आलेले, म्हणून. मग दूध पिळलं. पहिलं घट्ट ते ‘डोकं’, पाणी घालून दुसऱ्यांदा पिळलेलं पातळ ते ‘शेपूट’. मला हसू आलं, पण आपणही नारळाला शेंडी ठेवतोच, डोळेही असतात त्याला. आणि खवलेल्या खोबऱ्याला ‘चव’ म्हणणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या शब्दांना हसू नये.

मी खुणेनं म्हटलं, मी खवतो. पा उठली, मी सशावर बसलो.

आमच्या आजीची विळी अशीच होती, टोकाला खवणीचं फूल. चव पांढराशुभ्र हवा, करवंटीलगतचं काळं एक कण खपायचं नाही. आलंच, तर ती काही बोलायची नाही. वाटी पुढे ओढायची आणि एकेक कण नखानं वेचत बसायची. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. ती खोड मला लागलीय. कुणाच्या घरच्या सोलकढीत तांबूस ठिपका दिसला की माझं चित्त तिथेच अडकतं. पा-कडे मी अर्धा नारळ खवला, एक काळा कण नाही. पा-नं वाटीत डोकावून ‘उंऽ’ केलं. भाचीनं भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती.

खवून झालं तसा मी उठलो आणि हातानं आपोआप ससा आडवा करून ठेवला. विळी उभी ठेवायची नाही, ओलांडायची नाही, हे हाडात गेलेलं. पा-नं माझ्याकडे पाहिलं, सशाकडे पाहिलं, आणि त्याला पुन्हा चार पायांवर उभा केला. झोपवतोस कशाला त्याला, असं काहीतरी म्हणाली असावी. सगळे हसले.

जेवायला भात, वांगी घातलेली हिरवी आमटी, आणि कपी, म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची आंबवून केलेली चटणी. वास थेट आमच्या अंगणात वाळत घातलेल्या जवळ्याचा. शिवाय तळलेला प्लाथू. हा बांगड्याचा सख्खा चुलतभाऊ. बाजारात गोल टोपलीत मावावा म्हणून त्याची मान मोडून ठेवतात, तशीच वाकडी मान घेऊन तो ताटात येतो. मी काटे काढत होतो तर पा मधेच एक तुकडा उचलून माझ्या भातावर ठेवायची. पुन्हा एक. पोट भरल्याचं थाईत काय म्हणतात ते मी मुद्दाम विचारलं नाही.

आजी गेल्यावर विळी कुणी नेली, हे विचारायचं राहून गेलं. कुणीच विचारलं नाही. आता ती कुठे आडवी पडलीय, कुणास ठाऊक.

अंगठ्याचं रक्त थांबलं तेव्हा वाटीकडे पाहिलं. थोडं काळं आलंच होतं.