हॅलिबटची पिल्लं: अंधारातले चाळीस दिवस

नॉर्वेच्या किनाऱ्यावर अटलांटिक हॅलिबट हा मोठा चपटा मासा हिवाळ्यात 300 ते 700 मीटर खोलीवर अंडी घालतो. तिथला अंधार, थंडी आणि खारेपणा हॅचरीत, म्हणजे मासे उबवून वाढवायच्या केंद्रात, जसाच्या तसा ठेवता आला पाहिजे. आमचं अर्धं काम तेच.

मादी तीन-चार दिवसांआड एक अशा खेपांनी अंडी देते. पोट दाबून ती काढायला काही तास जरी उशीर झाला, तरी अंडी आतल्या आत शिळी होतात. फलनानंतर 16 तासांच्या आसपास अंड्यात 8 पेशी दिसतात. त्या वेड्यावाकड्या असतील तर आम्ही ती खेप सरळ टाकून देतो, उगाच जीव लावत नाही.

अंडं भिजवलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक, 3 मिलिमीटरचं. आमचा हिशेब तापमान गुणिले दिवस असा चालतो: 6 अंशांत 14 दिवस, म्हणजे 84. उजेडात अंडी फुटायची थांबतात, म्हणून शेवटी दिवा लावून ठेवायचा आणि मग बंद करायचा. सगळी जवळपास एकदमच फुटतात. मेलेली अंडी काढायला प्रवाह थांबवून तळाशी जास्त खारं पाणी सोडतो. जिवंत अंडी त्यावर तरंगतात, मेलेली खाली बसतात.

पुढचा टप्पा खरा जीवघेणा. 7 मिलिमीटरचं पिल्लू, तोंड नाही, पोटाला भलीमोठी बलकाची पिशवी. खालून सावकाश पाणी चढणाऱ्या उंच, अंधाऱ्या टाकीत ते सहा आठवडे नुसतं लटकत असतं. खारेपणा घसरला की पिल्लं तळाशी साचतात आणि जिवाणू फोफावतात. पाणी 9 अंशांवर गेलं तर जबडा वासलेलाच राहतो. पण हे कळतं खायला घालायच्या वेळी, तोवर सगळी मेहनत पाण्यात गेलेली असते. म्हणून टाकीत सारखं डोकावायचं नाही, नोंदी मात्र रोज बघायच्या.

फुटल्यापासूनची तापमान गुणिले दिवस ही बेरीज 260 च्या आसपास आली की वर दिवा लावायचा. पिल्लं उजेडाकडे येतात, तशीच अलगद दुसऱ्या टाकीत घ्यायची. पाणी हळूहळू 11 अंशांवर न्यायचं, त्यात माती कालवून ते गढूळ करायचं आणि तेलाने पोसलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव, द्यायचा. नुसत्या आर्टेमियावर पिल्लं जगतात, पण बरीचशी पांढरी पडतात. कोपेपॉड, म्हणजे समुद्रात तरंगणारे इवलेसे कवचधारी जीव, मिळाले तर रंग नीट येतो.

फुटल्यापासून साधारण 80 दिवसांनी डावा डोळा डोक्यावरून उजवीकडे सरकतो. आपल्याकडच्या लेप माशाचे दोन्ही डोळे डावीकडे असतात, इथे उलट. काहींचा डोळा अर्ध्या वाटेत, टाळूवरच अडकतो. ती पिल्लं प्रतवारीत वेगळी काढावी लागतात.